‘येतो’ म्हणाले श्यामराव

या, अशा जवळ या. मागे खांबाला टेकून बसलात तर मला घसा ताणावा लागेल, आणि तो मला उद्याच्या काकडआरतीला हवा आहे. सतरंजीवर जागा आहे, पिशवी मांडीवर घ्या. एक आख्यान सांगतो. त्यात राक्षस नाही, शाप नाही, उःशाप नाही. एक मुंगूस आहे, तेही लोखंडी. आणि एक माणूस आहे, ज्याने उभ्या आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं नाही.

आधी माणूस सांगतो, कारण मुंगूस सगळ्यांनी पेपरात पाहिलंय.

श्यामराव रिसबूड. राहायला सदाशिव पेठेत, दुकान बुधवार पेठेत. पुस्तकांचं. वर काउंटर, खाली तळघरात साठा. माझी त्यांची ओळख कीर्तनातली. तीस वर्षं आम्ही पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसतो. बुवांच्या तोंडून एखादा शब्द वाकडा गेला की श्यामराव जागचे न हलता, आवाज न चढवता, तो सरळ करून परत देतात. सीतारामबुवा एकदा माझ्याजवळ म्हणाले होते, की मला वर चित्रगुप्ताची भीती नाही, तो निदान शेवटी एकदाच तपासतो.

या माणसाला ‘कसे आहात’ विचारायची सोय नव्हती. त्याचं कोष्टक फक्त त्यांच्या बायकोला, हेमावहिनींना पाठ. श्यामराव ‘काही खरं नाही’ म्हणाले म्हणजे तब्येत उत्तम. ‘ठीक आहे’ म्हणाले म्हणजे खोकला. आणि ‘मजेत’ हा शब्द वहिनींनी संसारात एकदाच ऐकला होता, अपेंडिक्स फुटलं त्या दिवशी, रिक्षात.

आणखी एक खोड. आपल्याकडे घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो. जाणं एकदाच असतं आणि ते उगाच तोंडातून काढू नये, अशी आपली समजूत. श्यामराव मात्र लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यात चपला घालून म्हणत आले, “जातो.” वहिनी आतून म्हणत, “येतो म्हणावं.” त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, “निघालोय तर येतो कसा? ते क्रियापद आहे, नवस नाही.” एकेचाळीस वर्षं हा संवाद रोज झाला. शेजाऱ्यांनी त्यावर घड्याळं लावली होती.

तर मंगळवारची दुपार होती. दुकान एक ते चार बंद. दुपारी दुकान बंद ठेवण्यावरून आपल्याला बाहेरगावचे लोक फार बोलतात, पण त्या दिवशी दुकान उघडं असतं तर आत पंधरावीस गिऱ्हाइकं असती, एवढं ध्यानात ठेवा. आत होते एकटे श्यामराव. तळघरात थंडावा असतो म्हणून ते तिथे सतरंजी टाकून लवंडत. शेजारच्या जागेवर नव्या इमारतीसाठी खड्डा खणायचं काम चाललं होतं. अडीचच्या सुमारास त्या खड्ड्याची कड ढासळली, तिच्याबरोबर तळघराची एक भिंत आत आली आणि भिंतीवर टेकलेला स्लॅबचा अर्धा भाग कपाटांसकट खाली बसला. वरचा जिना गेला. बाहेरून पाहाल तर दुकानाची पाटी जागच्या जागी, शटर आतून ओढलेलं. आत काय झालंय ते फक्त फुटपाथलगतच्या झरोक्यातून येणाऱ्या धुळीवरून कळत होतं.

मी वहिनींना रिक्षात घालून पोचलो तेव्हा अग्निशमनची गाडी लागलेली होती. बघ्यांची गर्दी म्हणजे बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या बाजारात, काय सांगायचं. प्रत्येकाच्या हातात चार्जर नाहीतर वायरीचं भेंडोळं, आणि प्रत्येकाला स्लॅबमधलं कळत होतं. गाडीवरचे अधिकारी साईनाथ ढमाले. मुळशीकडचे. मिशा पिळदार, बोलणं मोजकं. त्यांनी वहिनींना गाडीच्या पायरीवर बसवलं आणि काय आहे ते लपवून न ठेवता सांगितलं. झरोक्यातून आत एक बोळकांडं राहिलंय, सरपटत जाण्याएवढं. पण वरचा स्लॅब लोंबकळतोय. त्याला टेकू देत देत आत शिरायचं म्हटलं तर साडेतीन-चार तास.

“आमचा नियम असा हाय मावशी,” ते म्हणाले. “आतला माणूस धडधाकट आसंल तर आधी टेकू, मग माणूस. तो रक्तानं चाललेला आसंल तर आधी माणूस, टेकू देवानं द्यावा. तो कसा हाय एवढं कळलं पायजे.”

ते कळावं म्हणून मुंगूस आणलं होतं.

दिसायला पाट्या-वरवंट्यातल्या पाट्याएवढं. खाली रणगाड्यासारखे पट्टे, पुढे दोन दिवे, नाकाशी कॅमेरा, पाठीवर पाण्याची पिशवी आणि मलमपट्टीचा डबा. त्याचं खरं नाव इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं होतं, ते त्याला बनवणाऱ्यांखेरीज कुणी घेत नसे. जवानांनी त्याचं मुंगूस केलं होतं, कारण बीळ दिसलं की ते देवाला हात न जोडता सरळ आत शिरत असे. त्याच्याबरोबर आमोद नावाचा इंजिनिअर आला होता. बाणेरहून. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. त्याने आम्हाला समजावलं, की हे रिमोटवर चालत नाही. “काका, आत झीरो सिग्नल. सो हा स्वतः डिसाइड करतो. वाट स्वतः शोधतो, माणसाशी स्वतः बोलतो, मॅप करतो, आणि बाहेर आला की रिपोर्ट देतो. हिरवा, पिवळा, लाल.” हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. मराठी त्याला आमोदनेच शिकवली होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता. का नसावा? चार वर्षं खपला होता पोरगा.

मुंगूस आत गेलं. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. गर्दीतल्या एकाने विचारलं, की याला वाचता येतं का, कारण आत सगळी पुस्तकं आहेत, वाचत बसलं तर? त्याला दोघांनी मागे ओढलं.

बारा मिनिटांनी मुंगूस झरोक्यातून बाहेर आलं, धुळीने पांढरं झालेलं. आमोदने टॅब पाहिला आणि मोठ्यांदा वाचलं. व्यक्ती जिवंत. शुद्धीवर. श्वास शांत. प्रश्न विचारला, आपण कसे आहात. उत्तर, मजेत. हिरवा.

गर्दीने टाळ्या वाजवल्या. ढमाल्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मीसुद्धा हात जोडले, खोटं कशाला बोलू.

वहिनी मात्र पायरीवरून उठल्या. “मजेत म्हणाले?”

“हो काकू. व्हेरी पॉझिटिव्ह.”

“मग त्यांना फार लागलंय,” वहिनी म्हणाल्या.

आता ढमाल्यांची अडचण बघा. एका बाजूला लाखो रुपयांचं यंत्र सांगतंय हिरवा, दुसऱ्या बाजूला एक साठीची बाई सांगतेय की तिच्या नवऱ्याचा ‘मजेत’ लाल रंगाचा असतो. मी पुढे झालो आणि रिक्षातल्या अपेंडिक्सची हकीकत सांगितली. ढमाल्यांनी ती नीट ऐकून घेतली, आणि म्हणाले, की अपेंडिक्सवर मी माझा माणूस लोंबत्या स्लॅबखाली घालू शकत नाही. घातला आणि स्लॅब आला, तर दोन घरांना तोंड दाखवावं लागेल. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

तो माणूस म्हणजे दीपमाला. दीपमाला ओव्हाळ. वय सव्वीस-सत्तावीस, अंगाने शेवग्याची शेंग. त्या गाडीवर त्या बोळकांड्यातून सरपटू शकेल अशी ती एकटीच होती. आल्यापासून हेल्मेट घालून, दोर कमरेला बांधून, झरोक्याशी उकिडवी बसली होती. मुंगसाने आणलेला नकाशा ती आमोदच्या टॅबवर बघून घेत होती. मग ढमाल्यांकडे बघत होती, आणि ढमाले तिच्याकडे बघायचं टाळत होते.

मग ठरलं, की नेमकं विचारू. आमोदने नवा प्रश्न भरला, आपल्या पायाला इजा झाली आहे का? मुंगूस आत. आम्ही बाहेर. टेकूचे वासे उतरवले जात होते. खड्ड्याकडून मधूनच मातीची एक ओंजळ ओघळल्यासारखा आवाज यायचा आणि सगळ्यांच्या माना झरोक्याकडे वळायच्या.

मुंगूस आलं. आमोदने वाचलं आणि भुवया वर गेल्या. “काकू, एक विचारू? काकांना एकच पाय आहे का?”

“सकाळी दोन होते,” वहिनी म्हणाल्या.

त्याने टॅब पुढे केला. श्यामरावांचं उत्तर होतं, ‘एक पाय इथे आहे, दुसऱ्याची चौकशी करून कळवतो.’ आणि खाली मुंगसाने शेरा मारला होता, व्यक्तीस एक पाय. दुसऱ्याबद्दल माहिती अपेक्षित. हिरवा.

आमोद पांढरा पडला. तो म्हणाला, की मी त्याला ‘दुखतंय’ शिकवलं, ‘वाचवा’ शिकवलं, विव्हळणंसुद्धा शिकवलं, पण असं संकटात कुणी बोलेल हे मला वाटलं नव्हतं. मी विचारलं, तू मूळचा कुठला. म्हणाला, पुण्याचाच, पण शाळा इंग्रजी. त्यावर माझ्याकडे एक आख्यान होतं, पण वेळ नव्हती ती.

ढमाल्यांच्या मनात आता पाल चुकचुकली होती. टेकूवाल्यांना त्यांनी घाई केली. आणि तिसरा प्रश्न स्वतः सांगितला, अगदी उघडावाघडा, ज्याचं वाकडं उत्तर देताच येणार नाही असा. तुम्हाला मदत हवी आहे का, हो किंवा नाही?

मी तेव्हाच म्हणालो होतो, की साहेब, सदाशिव पेठेत असा प्रश्न नाही ज्याचं वाकडं उत्तर देता येत नाही.

मुंगूस घेऊन आलं ते उत्तर असं, ‘आपण कशाला तसदी घेता? सवडीने या.’ शेरा, मदत नाकारली. घाई नाही. हिरवा.

हसू नका. म्हणजे हसा, तेव्हा गर्दीतले काही हसले होतेच. पण वहिनींकडे पाहिलं असतंत तर हसला नसतात. पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं, की नख निळं पडलं होतं. हा माणूस गेली एकेचाळीस वर्षं जसा बोलत आला तसाच बोलत होता, आणि त्यापायी तो मरणार होता. मदत मागायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती. त्या लोखंडी खुळ्याला ते कळत नव्हतं, ज्यांना कळत होतं ते बाहेर होते, आणि नियम त्या खुळ्याच्या रंगावर चालत होता.

वहिनी आमोदला म्हणाल्या, “बाळ, माझा निरोप पोचवेल का तुझं ते?”

तो म्हणाला, पोचवेल. निरोप भरला. ‘हेमा बाहेर उभी आहे. सरळ सांगा.’ एवढंच. मुंगूस पुन्हा आत गेलं. सव्वाचार वाजले होते. टेकू अजून झरोक्याच्या तोंडाशीच होते.

या वेळी ते लवकर आलं. आलं ते दिवे लुकलुकवत. आमोदने टॅब बघितला आणि त्याच्या तोंडावर मघापासून पहिल्यांदाच हसू आलं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. आनंदाची बातमी. व्यक्ती स्वतः बाहेर येत आहे. वाट दाखवण्यासाठी यंत्र परत जात आहे. हिरवा, हिरवा.

आणि खरोखरच मुंगूस गर्रकन वळलं आणि आपण होऊन पुन्हा बिळात शिरलं.

लोक ओरडले. कुणीतरी शिट्टी मारली. एकजण मोबाईल उंच धरून सांगायला लागला, की काका चालत येतायत.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. आवाज बारीक, पण लोक थांबले. “काय म्हणाले ते? त्यांचे शब्द वाच.”

आमोदने खाली सरकवलं. “त्यांचे शब्द आहेत, ‘बरं, हेमा. येतो.’”

मंडळी, इथे मी कीर्तनकार असतो तर पेटीवाल्याला खूण करून थांबवलं असतं. कारण त्या रस्त्यावर तशीच शांतता झाली. वाकडं काही नाही, चिमटा नाही, क्रियापदाची चिकित्सा नाही. एकेचाळीस वर्षं जो शब्द मागून मिळाला नाही, तो त्या माणसाने तळघराच्या अंधारात आपण होऊन दिला. आणि अंधारात पडलेला मराठी माणूस जेव्हा ‘बरं, येतो’ म्हणतो, तेव्हा तो कुठून निघालाय हे आपल्याला सांगावं लागत नाही. यंत्राला वाटलं, तो येतोय. आमोदला वाटलं, तो येतोय. गर्दीतल्या चार्जरवाल्यापासून ढमाल्यांपर्यंत उरलेल्या सगळ्यांना एकाच क्षणी कळलं, की श्यामराव निरोप घेतायत.

वहिनी खाली बसल्या.

ढमाल्यांनी टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही. ते दीपमालाकडे वळले, पण सांगायला तिथे कुणी नव्हतं. कमरेपर्यंत ती आत गेलेली होती. तेवढ्यात ती परत दोन हात मागे सरकली, धुळीतून मान बाहेर काढली, आणि वहिनींना म्हणाली, “काकू, मी येते म्हणत नाही. आणते म्हणते.”

आणि गेली.

आतलं आता सांगतो ते तिने पुढे सांगितलेलं. वाट तिला पाठ होती, कारण मुंगसाने चार खेपांत काढलेला नकाशा ती मघापासून टॅबवर घोकत होती. कुठे डावीकडे वाकायचं, कुठे लोखंडी गज आहे, कुठे पोट आत घ्यायचं. नकाशा नसता तर अर्धा तास गेला असता. ती सात मिनिटांत पोचली. त्या मुंगसाच्या भाषेला मी नावं ठेवली, पण त्याच्या पायांना ठेवणार नाही.

श्यामराव कपाटाखाली होते. कपाट पुरतं खाली आलं नव्हतं, कारण मध्ये गठ्ठे आले होते. गठ्ठे कशाचे? वीस वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने स्वतः लिहून, स्वतः छापून, स्वतःच सांभाळलेल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकाचे. एक हजार प्रतींतल्या नऊशे त्रेसष्ट. मराठी शुद्धलेखनाने कुणाचा एवढा भार पेलल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. डावा पाय मात्र गजाने फाडला होता, आणि रक्त किती वेळ वाहत होतं ते सतरंजीने सांगितलं. श्वास शांत होता हे यंत्राचं खरं होतं. फारच शांत होता.

शेजारी मुंगूस. दोन्ही दिवे श्यामरावांच्या तोंडावर, आणि नम्र आवाजात एकच घोष, “कृपया माझ्या मागे या. कृपया माझ्या मागे या.” दीपमाला म्हणते, ती पोचली तेव्हा श्यामरावांचे ओठ हलत होते. तिने कान नेला. ते म्हणत होते, “हो. तुम्ही व्हा पुढे.”

तिने मुंगसाच्याच पाठीवरच्या डब्यातली पट्टी काढली, मांडीला आवळली, रक्त धरलं. त्याच्याच पिशवीतलं पाणी त्यांच्या ओठांना लावलं. मग पुस्तकांचे गठ्ठे न हलवता बाजूने वाट केली, आणि त्यांच्या काखेत दोर घातला. वरून माती गळत होती. ती मोठ्यांदा म्हणत होती, काका, झोपायचं नाही, बोलत राहा, काहीही बोला. तर हे काय बोलले असतील? तिच्या जॅकेटवर छापलेल्या ‘अग्निशमन’ या शब्दातल्या ‘ग्नि’ची वेलांटी चुकली आहे, हे त्यांनी तिला दाखवलं. तिला तेव्हा कळलं, की माणूस जगणार.

पाच वाजून दहा मिनिटांनी दोर ताणला गेला. आधी दीपमालाचे बूट आले, मग ती, मग तिच्या मागे, धुळीने पुतळा झालेले श्यामराव. स्ट्रेचरवर घेतल्यावर वहिनी वाकल्या. रडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, “एवढी वर्षं घसा फोडून सांगितलं, तेव्हा कधी ‘येतो’ म्हणाला नाहीत ते.”

श्यामरावांनी डोळे किलकिले केले. आवाज चिमटीत मावेल एवढा. “जमिनीखाली अजून ‘जातो’ काय म्हणणार? पुढे जायला जागाच नव्हती.”

मग वहिनी रडल्या. ढमाल्यांनी मिशा पुसायचं निमित्त केलं. आमोद कोपऱ्यात टॅबवर काहीतरी भराभर टिपत होता. मी डोकावलो. त्याने लिहिलं होतं, ‘येतो, अर्थ दोन. दुसरा आधी तपासणे.’ त्याखाली, ‘मजेत, अत्यंत धोक्याची खूण. निदान पेठांपुरती.’ मी त्याच्या पाठीवर थोपटलं. शिकणाऱ्याला देव कमी करत नाही.

पाय राहिला. सळई घातली, तीन महिने घरी बसवलं. आणि सळई घातलेल्या पायाने श्यामराव पहिल्यांदा बाहेर पडले ते कीर्तनाला. त्या दिवशी मंडळाने मुद्दाम सगळ्यांना बोलावलं होतं. ढमाले आले, आमोद आला, मुंगूसही आणलं. त्याला पहिल्या रांगेत पाटावर बसवलं. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी भक्तिभावाने बुक्का लावला, तो नेमका कॅमेऱ्यावर. आमोद रुमाल घेऊन धावला.

निरूपण रंगात आलं. सीतारामबुवांनी चिपळ्या उंच धरल्या आणि आर्त स्वरात विचारलं, “या मायेच्या ढिगाऱ्याखाली अडकलेल्या जीवांनो, आहे का रे कुणी तुम्हाला सोडवणारा?”

मुंगसाचे दिवे पेटले. ते पाटावरून उतरलं, सभेकडे वळलं, इकडून तिकडे मान फिरवली, आणि खणखणीत आवाजात म्हणालं, “अडकलेल्या व्यक्ती एकशे सव्वीस. सर्वांनी शांत राहावं. मदत येत आहे.”

बुवांनी तिथेच उत्तररंगातल्या पुढच्या कथेला हात जोडले. म्हणाले, की याच्यापुढे आता मी काय सांगणार. श्यामराव मात्र मला म्हणाले, की एकशे पंचवीस. बुवा उभे आहेत, ते अडकलेले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही मोजलेत? म्हणाले, मजेत होतो, दुसरं काही काम नव्हतं. हे ऐकून वहिनींनी चटकन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग सत्कार झाले. शाली, श्रीफळं. मुंगसालासुद्धा शाल पांघरली, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पेपरात तोच फोटो आला. मथळ्यात मुंगूस, मजकुरात मुंगूस, खाली आमोदच्या कंपनीविषयी दोन ओळी.

दीपमाला आली होती. मी पाहिली होती तिला. चपलांच्या रांगेजवळ, मागे, भिंतीला लागून बसली होती. आमच्या कीर्तनाची तिला सवय नव्हती, तिच्या घरी बुद्धवंदना होते, तसं तिने वहिनींना सांगितलंही. पण वहिनींनी बोलावलं म्हणून आली, आणि गजराला टाळी मात्र बरोब्बर समेवर देत होती. सूत्रसंचालकाने तिचं नाव पुकारलं तेव्हा ती जागेवर नव्हती. दारातल्या माणसाने सांगितलं, की फोन वाजला आणि ती उठून गेली. शनिवार पेठेत कुठेतरी लिफ्टमध्ये कुणी अडकलं होतं. शाल आणि नारळ ढमाल्यांनी घेतला. तिला तो पोचला असेल.

आख्यान इथे संपलं. आता आरती होईल, ताट फिरेल, तुम्ही डोळे मिटाल आणि आपापल्या माणसांसाठी काही मागाल. मागा, मागावंच. पण त्यांची नावं घेऊन झाली, की आणखी एक नाव घ्या, दीपमाला ओव्हाळ. आत्ता या घटकेला ती कुठल्यातरी भोकात शिरत असेल, आणि तिच्यासाठी बाहेर पायरीवर बसलेलं कुणी असेल किंवा नसेल. आपण असू. तिला आठवा.